कोरडा हात

पोरगी झोपली हाय तवर लिहून घेते, उठली का मग राहूनच जाते. चौथीपर्यंत शिकली मी, चुकलंमाकलं समजून घ्या. आमच्या इथल्या दौडीचं लोक लय सांगतात, कोणत्या वर्षी कोण पहिला आला ते. मी सांगते ते कोणी सांगत नाही, कारण ते आमच्या अंगणात झालं.

दर्यापूरच्या तालमीपासून निघायचं, अकोटच्या रस्त्यानं तीन मैल आमच्या वावरातल्या घरापर्यंत यायचं अन् वळून माघारी तालमीत जायचं, अशी ही दौड. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तालमीचे वस्ताद. त्यायनंच सुरू केली. दिवस संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीचा, करीचा. करीले कोणी गावाले निघत नाही, म्हणून रस्ता मोकळा, असं त्यायचं म्हणणं. मले तर त्याचंच भेव वाटे. ज्या दिवशी लोक उंबरठा ओलांडत नाहीत त्या दिवशी हे धावतात कावून?

पहिल्या वर्षी म्हणे चार-पाच पोट्टे अर्ध्यातच तुरीत लपले अन् तिथूनच वळले. म्हणून दुसऱ्या वर्षी मामंजीनं ठरवलं, वळणावर मनगटाले खूण करायची. कुंकू घामानं जाते, म्हणून बिब्बा. धोबी कपड्याले लावते तो. मी नवी नवरी, दारामागून पाहत होती. सासूबाईनं सुईच्या टोकानं सगळ्यायले टिपके दिले. दोन दिवसांनी बिब्बा उतला. हात कोपरापर्यंत सुजले, फोड आले, सासूबाईची तर बोटं भाकर थापायले वळेनात. आठ दिवस अख्खी तालीम हाताले खोबरं चोळत बसली. सासूबाई म्हणाल्या, आता तुमची दौड तुमच्या सुनेलेच सांगा. तिसऱ्या वर्षापासून कपड्याची नीळ आली अन् ते काम माझ्या गळ्यात पडलं.

चौथ्या वर्षी पोरगी चार महिन्याची होती. आमच्या घरच्यायले, म्हणजे माझ्या मालकाले, चार दिवसापासून ताप. सकाळी कमी, दिवस कलला का चढे. जेवण जात नव्हतं. मी म्हटलं, मामंजीले सांगा, यंदा राहू द्या. पण आदल्या वर्षी ते दोन पावलांनी दुसरे आले होते, अन् वस्तादाचा पोरगा असून दुसरा, हे वर्षभर ऐकलं होतं त्यायनं. मले म्हणाले, "बाबाले सांगशील तर माह्याशी बोलू नोको."

मी कशी सांगणार होती? आमच्यात सून सासऱ्याशी तोंडानं बोलत नाही. मीठ पाहिजे तरी सासूबाईच्या मार्फत. दोनदा सासूबाईजवळ गेली, दोनदा चुलीतलं लाकूड सारून परत आली. करीच्या सकाळी त्यायनं विहिरीवर थंड्या पाण्यानं आंघोळ केली, अंग गार दिसावं म्हणून, अन् पोट्ट्यायच्या गाडीत बसून तालमीत गेले.

मामंजी निंबाखाली खाटेवर वही घेऊन बसले. पोरगी झोळीत. मी वाटीत नीळ कालवली, चिंधी भिजवली, पदर ओढून रस्त्याकडे पाहत राहिली. पहिला आला, ते नव्हते. दुसरा आला, तिसरा आला. मी हात धरे, चिंधी टेकवे, सोडे. घामानं नीळ बोटापर्यंत ओघळे. सात झाले, आठ झाले. कुठं पडले असतील, कोणी पाहिलं नसेल तर? पोरगी रडायले लागली तरी मले उठता येईना. अकराव्यानंतर ते दिसले. धावत होते पण मान डगडग हालत होती.

हात पुढं केला. मी धरला. तीन मैल धावून आलेला माणूस अन् हात कोरडा. नुसता तवा. नीळ लावली तर जागच्या जागी वाळली. त्यायनं हात ओढला, मी सोडलाच नाही. मामंजीसमोर, नवऱ्याचा हात, पदर कुठं गेला मले माहीत नाही.

मागून आलेला एक म्हणाला, "वहिनी, घरी धरजा, इथं जाऊ द्या." दोघं-तिघं हसले.

"सोड," हे हळूच म्हणाले.

मामंजीनं वहीतून मान वर केली. माझ्या तोंडातून कसं निघालं देव जाणे.

"मामंजी, यायचा हात कोरडा हाय. चार दिवसाचा ताप हाय."

मामंजी उठले. मले वाटलं आता मारतात. त्यायनं पोराच्या मानेले उलटा हात लावला.

"बस," म्हणाले.

"बाबा, तीनच मैल राह्यले."

"बस म्हटलं ना."

हे खाटेवर बसले. माझ्याकडे पाहिलं नाही.

मुदतीचा ताप निघाला. दर्यापूरचे डॉक्टर म्हणाले, आतड्याले जखम हाय, धावला असता तर फाटलं असतं. महिनाभर पेजेवर होते, डोक्याचे केस गेले. माझ्याशी बोलत नव्हते. पाणी पाहिजे तर झोळीतल्या पोरीले म्हणत, तुह्या मायले सांग. पुढं बोलायले लागले, पण दौडीचं नाव नाही. अन् मामंजीनं सासूबाईले सांगतलं, मले ऐकू येईल इतक्या मोठ्यानं, का आता ज्याचा हात कोरडा त्याले पुढं सोडायचं नाही, अन् ते नीळ लावणारी ठरवील, वस्तादाले विचारायचं नाही.

मागच्या आठवड्यात यंदाची दौड झाली. हे धावले. आधीचे आठ दिवस मी पाणी द्यायच्या निमित्तानं त्यायच्या बोटाले बोट लावून पाहत होती. ताप नव्हता. तरी चिंधी हातात घेतली अन् रस्त्यावरून नजर काढली नाही.

पाचवे आले. दुरूनच हात पुढं केला होता.

"पाह्य, ओला हाय," म्हणाले.

ओला होता. नीळ कोपरापर्यंत ओघळली. तरी मले सोडवेना. मी धरूनच राहिली, अन् यंदा त्यायनं ओढला नाही, उभे राहिले. मागून सहावा आला तरी उभे. मग मी सोडला, अन् सहाव्याचा हात धरला. तोही ओला होता.