भोंगा गप्प बसतो

नळदुरुस्ती करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली भोंगा म्हणायची, आणि उगाच नाही. हा बाबा गायला लागला की वरच्या मजल्यावरची भांडी थरथरायची. सुराशी त्याची उभ्या जन्मात ओळख झाली नव्हती. पण उत्साह असा, की जणू प्रभू स्वतः समोर स्टूल टाकून बसलाय आणि "आणखी एक होऊ दे" म्हणतोय.

रविवारच्या उपासनेतलं गाणं त्याला पुरायचंच नाही. दाढी करताना आभाराचं गीत, जिना चढताना स्तुतीचं, आणि लोकांच्या मोरीत उकिडवं बसून तुंबलेला पाइप खरवडताना तर सगळ्यात जोरात. "अशा वासात देवाची आठवण काढायची नाही, तर कधी काढायची?" हे वर. रिकाम्या टाकीत उतरला की मग विचारूच नका. आत आवाज घुमतो ना! टाकी कधीच स्वच्छ व्हायची, पण हा बाहेर यायला तयार नसायचा.

कामाचं घड्याळही गाणंच. पाइपाच्या जोडाला चिकटवायचं सोल्युशन लावलं की एक अख्खं गाणं संपेपर्यंत दोन्ही हातांनी दाबून धरायचं, आणखी दोन झाली की पाणी सोडायचं. हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं बरं का! गाणं संपलं की हात आपोआप सुटायचे, एवढंच.

आता त्याची वहिनी. थोरल्या भावाची बायको, चर्चच्या गायकवृंदाची प्रमुख, कान भलताच तयार. एका रविवारी मागच्या बाकावरून भोंग्याने असा काही आवाज लावला, की पुढचा अख्खा गायकवृंद आपला सूर सोडून त्याच्या मागे घसरत गेला. उपासना संपल्यावर वहिनींनी त्याला दारातच गाठलं.

"भाऊजी, हात जोडते. तुम्ही नुसते ओठ हलवा. देवाला मनातलंही ऐकू येतं."

भोंग्याच्या काळजाला लागलं. तो "बरं" म्हणाला आणि गाणं बंदच करून टाकलं. चर्चमध्ये बंद, घरी बंद, टाकीतसुद्धा बंद. बायकोला आधी हायसं वाटलं, खोटं कशाला बोला. पण तिसऱ्या दिवशी तिचाच जीव घाबरा झाला.

"अहो, बरं नाही का? दाढी गपचूप केलीत!"

"देवाचे कान किटले असतील गं माझ्या आवाजाने," तो म्हणाला, आणि तोंड पुसायच्या निमित्ताने डोळे पुसले.

त्यात कामाचाही बट्ट्याबोळ. जोडेल तो पाइप गळायला लागला. हात तेच, सोल्युशन तेच, आणि घरोघरी तळी! गिऱ्हाइकं वैतागली. देवाने आवाज नाकारला, आता हातही काढून घेतले, अशी त्याची पक्की समजूत झाली. तो हत्यारं विकायच्या गोष्टी करू लागला.

अशातच चर्चच्या पाळकसाहेबांच्या न्हाणीघरातला पाइप फुटला. भोंग्याने गुपचूप जोड बसवला, लगेच पाणी सोडलं, आणि फस्स्स! नवा पांढरा झगा घालून बघायला आलेले पाळकसाहेब नखशिखांत भिजले. उद्याची गाणी ठरवायला आलेल्या वहिनी धावत आत आल्या, त्याही भिजल्या. भोंग्याने कसाबसा कॉक बंद केला, पुन्हा सोल्युशन लावलं. पाइपाचं वरचं टोक वहिनींनी धरलं, खालचं त्याने. धरलं न धरलं तोच तो म्हणाला, "सोडा."

"इतक्यात?" वहिनी म्हणाल्या. "आमच्या मोरीत जोडलात तेव्हा अख्खं गाणं होईपर्यंत सोडलं नव्हतंत. डोकं उठलं होतं माझं! पण तो जोड अजून थेंबभर गळला नाही." बोलता बोलता त्या थांबल्या. "भाऊजी... हल्ली तुम्ही गात नाही?"

"देवाला मनातलं ऐकू येतं ना. माझ्या आवाजाने त्याचे कान किटले असतील."

नाकावरून पाणी ठिबकत होतं, हात पाइप धरण्यात अडकलेले. वहिनींना तोंड लपवायचीही सोय नव्हती.

"देवाचे कान किटले नव्हते हो," त्या हळूच म्हणाल्या. "माझे किटले होते. मी उगाच देवाचं नाव पुढे केलं. चुकलं माझं. गा आता."

"इथे? पाळकसाहेबांसमोर?"

"अरे गा बाबा," झगा पिळत पाळकसाहेब ओरडले, "मी गारठलोय!"

भोंगा गायला. आधी चाचरत, मग पुरता मोकळा सुटला. बादली थरथरली. वहिनींना कान झाकता येईनात, मग त्या हसत हसत स्वतःही गाऊ लागल्या. तिसऱ्या गाण्यानंतर पाणी सोडलं. जोड कोरडा ठणठणीत.

दुसऱ्या दिवशी उपासनेत पहिलं गीत सुरू झालं. भोंगा सवयीने नुसते ओठ हलवत होता. वहिनींनी हात वर करून गाणं थांबवलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "भाऊजी, आवाज कुठाय?"

मग आवाज आला. गायकवृंद पुन्हा घसरला, आणि या खेपेला सगळ्यात आधी घसरल्या त्या वहिनी.