गाय उठली त्या दिवसापासून

माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. शेजारच्या काकूंनी घोडेगावच्या बाजारातून आणलेली गाय व्याली आणि दुसऱ्याच दिवशी बसली, ती उठेचना. मी शाळेत शिकवून घरी आले तर काकूंच्या गोठ्यापाशी माणसं जमलेली. मधोमध माझी लेक, गाईच्या कपाळावर हात ठेवून, डोळे गच्च मिटून. "प्रभू येशू, हिला उठव. हिचं वासरू लहान आहे. आमेन."

मी तिला हाक मारणार तेवढ्यात गाईनं मान हलवली, मागचे पाय ताणले, एकदा धडपडली आणि उभी राहिली.

तासाभरापूर्वीच जनावरांचे डॉक्टर कॅल्शियमची बाटली लावून गेले होते. व्यायल्यावर काही गाई अशा बसतात आणि त्या औषधानं उठतात, हे काकूंनाही ठाऊक होतं. तरी त्या माझ्या मुलीच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाल्या, "बाई, तुमच्या पोरीचा हात लई गुनाचा हाय."

आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकच. नवरा साखर कारखान्यात, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत. नाताळला आमच्या करंज्या सगळीकडे जातात, दिवाळीला सगळीकडच्या आमच्याकडे येतात. धर्माचं बोलणं कधी निघत नाही. त्या संध्याकाळी मात्र नवरा चहाचा कप तसाच ठेवून म्हणाला, "तिला समजावून सांग. बाटलीनं उठली गाय."

"आणि रविवारी आपणच शिकवतो ना, मागा म्हणजे मिळेल?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

त्यानं गार झालेला चहा उचलला. कसं वेगळं, ते मलाही सांगता आलं नसतं. माझ्या आईनं मला स्तोत्रं पाठ करायला लावली होती. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. प्रश्न विचारायची सोय नव्हती, त्यामुळे उत्तरं शोधायची सवयही लागली नाही. आता मी मुलीला बाटलीचं सांगितलं तर तिचा विश्वास माझ्याच हातानं मोडायचा, आणि नाही सांगितलं तर खोटं पोसायचं. शेवटी मी विचारलं, "डॉक्टरांनी औषध दिलं होतं, माहीत आहे ना तुला?"

"हो," ती म्हणाली. "मग डॉक्टरांना कुणी पाठवलं?"



रविवारी उपासना संपल्यावर मी पाळकांना गाठून सगळं सांगितलं. ते हसले. "लेकरू प्रार्थना करतंय, बाई. तुम्ही कशाला मध्ये येता?" मी चपला घालत होते तेव्हा मागून येऊन हळूच म्हणाले, "पण लोकांच्या घरी जाऊन नको. दिवस बरे नाहीत. कोण काय अर्थ काढेल सांगता येत नाही." एकाच माणसाची ही दोन उत्तरं घेऊन मी एसटीत बसले. घर येईपर्यंत दोन्ही बरोबर वाटत होती.

महिनाभरानं काकूंच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. काकू आमच्या दारात आल्या, आत मात्र येईनात. "आत्या पोरीला बोलवत्यात. जरा पाठवता का?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. नको म्हणावं तर शेजार तुटतो. पाठवावं आणि उद्या कुणी म्हणालं, म्हातारीला बाटवायला पोर धाडली, तर? मी म्हटलं, "मीही येते बरोबर." ती परवानगी होती की पहारा, मलाच कळलं नाही.

आजी वाळून गेल्या होत्या. मुलीनं त्यांच्या कपाळावर हात ठेवला तसा त्यांनी तो बाजूला काढून आपल्या हातात धरला. "काय मागू नको माज्यासाठी. नुस्ती बस इथं." मुलगी बसली. देव्हाऱ्यात दिवा जळत होता, काकू भिंतीला टेकून रडत होत्या. मी मनातल्या मनात प्रार्थना करायला लागले, पण काय मागावं तेच कळेना. बरं वाटू दे म्हणू, की सुखानं जाऊ दे? आणि आजींच्या घरात त्यांच्या देवांसमोर मी हे मागतेय ते चालतं का? मी अर्ध्यावरच थांबले.

चार दिवसांनी आजी गेल्या.

मला वाटलं, आता मुलगी कोसळेल. मी उत्तरं तयार करून ठेवली होती: देवाची इच्छा, स्वर्ग, वय झालं होतं. तिनं एकही प्रश्न विचारला नाही. दहाव्याला काकूंनी कावळ्यासाठी पान ठेवलेलं तिनं लांबून पाहिलं. आठवडाभर ती जेवणाआधीची प्रार्थनाही म्हणेना. नवरा म्हणायचा आणि ती ताटाकडे बघत राहायची. तिला रागवावं की जवळ घ्यावं, या घोळात मी दोन्ही केलं नाही.

मग एका रविवारी तिनं आपणहून हात जोडले. "देवबापा, आजीला नेलंस, ते ठीक. पण मी तिथंच बसले होते. मला सांगायचं होतंस." मग ताटाकडे बघून म्हणाली, "आणि भाजीसाठी थँक्यू."

नवऱ्यानं पटकन आमेन म्हटलं. देवाशी असं बोलतात का? माझ्या आईनं थोबाडीत दिली असती. पण मी स्वतः इतकं खरं बोलून देवाशी कधी भांडले होते, तेही मला आठवेना.

ती वरणभात कालवून खायला लागली. मी तशीच बसून राहिले.

"मम्मी, जेव ना," ती म्हणाली.