घासाला कोणी शिवेना

मला वाटलं होतं, अमेरिकेत परत आल्यावर इथल्या मराठी माणसांना निसर्ग म्हणजे काय ते मी शिकवीन. आणि झालं काय? परक्या माणसाच्या शेतात, भर दुपारी, मी कोणाच्या पाया पडले ते ऐकाल तर चहा नाकातून बाहेर येईल. कप खाली ठेवा आधी.

माझा जन्म अमेरिकेतल्या बॉथेल गावचा. पण सातवीत आई-बाबांनी मला साताऱ्याजवळच्या निवासी शाळेत धाडलं. पुढे पुण्यात पर्यावरणाचं शिक्षण. ऑगस्टमध्ये परतले ती डोकं पेटवूनच. विमानतळावरच बाबांना गाडी कमी वापरण्यावर भाषण दिलं. ते शांतपणे म्हणाले, "बरं. मग घरी चालत जाऊ या. बॅगा तू घे."

सप्टेंबरात पितृपक्ष आला. आमच्या शेजारच्या शैलामावशीचे यजमान, अण्णाकाका, गेल्या वर्षी गेले. त्यांची पितृपक्षातली ही पहिलीच तिथी. मावशीने पहाटेपासून सगळं रांधलं: भात, खीर, वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. अंगणात पत्रावळीवर घास ठेवला आणि कावळ्याची वाट बघत बसली.

आता बॉथेलमध्ये कावळ्यांना काय तोटा? रोज संध्याकाळी हजारोंनी येतात, आभाळ काळं होतं. पण त्या दिवशी? एक नाही!

"घासाला कावळा शिवल्याशिवाय मी पाणीसुद्धा घेणार नाही," मावशी म्हणाली. वय बहात्तर, त्यात डायबेटिस. दीड वाजला. तरी तिने पाण्याचा घोट घेतला नाही.

"मावशी, कुठलाही पक्षी चालतो," मी ठणकावलं. "सृष्टीला घास देणं, हाच मूळ अर्थ आहे. मी दाखवते पक्षी कुठे असतात ते!"

"दाखव बाई," बाबा किल्ली उचलत म्हणाले. "गाडीने चालेल ना?"

अर्ध्या तासावर अण्णाकाकांची रविवारी फिरायला जायची वाट होती, नदीकाठी, शेतांच्या कडेने. गाडीतून उतरले आणि माझा श्वासच अडकला. कापणी झालेल्या शेतात, अगदी जवळ, बारा कबुतरं!

"हलू नका!" मी कुजबुजले. "रानकबुतरं आहेत. मानेवर पांढरी चंद्रकोर बघा. फार लाजाळू जात. माणूस दिसला की उडतात."

"ही उडत नाहीयेत," बाबा म्हणाले.

"तेच तर! त्यांना कळतंय आपण कशासाठी आलोय."

माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, मधोमध मोकळी जागा. जणू पंगत बसलीय आणि पान वाढायचं राहिलंय! मी चपला काढल्या, त्या मोकळ्या जागेत सोबत आणलेली घासाची पत्रावळ ठेवली आणि सगळ्यात पुढच्या कबुतराला वाकून नमस्कार केला. मग पाठ न दाखवता, उलट्या पावलांनी परत आले.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. एकही चोच हलेना.

मावशीचा चेहरा उतरला. "काहीतरी इच्छा राहिलीय ह्यांची." तिने हात जोडले. "अहो, तुमचं गॅरेजमधलं सामान मी काढून टाकणार नाही. खरंच नाही."

कबुतरं ढिम्म.

"मुलाकडे राहायला जाईन. इथे एकटी राहणार नाही."

ढिम्म!

मावशीने बाबांकडे बघितलं. बाबा चुळबुळले. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "अण्णा... तुमचं ड्रिल मशीन माझ्याकडे आहे. तीन वर्षं झाली. उद्या परत करतो."

"तरीच!" मावशी म्हणाली. "शेवटपर्यंत शोधत होते ते."

तेवढ्यात वारा आला आणि पुढचं कबुतर डुललं. "हललं! ड्रिलला हललं!" मी ओरडले आणि पुन्हा हात जोडले.

आणि समोरचं झुडूप उभं राहिलं.

हो, झुडूपच! पानापानांचा शर्ट, तोंडाला जाळी, एका हातात टोपी, दुसऱ्या हातात सुरक्षेसाठी मधून उघडून ठेवलेली बंदूक. साठीचा माणूस, अगदी ओशाळलेला.

"सॉरी मॅम," तो हळूच म्हणाला. "मला फ्यूनरल वाटलं, म्हणून गप्प बसलो. पण तुम्ही कबुतरांना हात जोडायला लागलात... ती कबुतरं माझी आहेत. प्लॅस्टिकची."

बाबा माझ्याकडे बघत होते. मी चपला शोधत होते.

मग मला शिकारीविरुद्धचं भाषण आठवलं, आणि मी ते सुरूही केलं. त्याने ते पूर्ण ऐकून घेतलं. "माझं नाव डेल," तो म्हणाला. "या कबुतरांच्या शिकारीचा सीझन जेमतेम नऊ दिवसांचा. आणि तुम्ही इथे भात टाकलात. खाणं टाकलेल्या जागी शिकार करणं गुन्हा आहे. भात उचलला तरी पुढचे दहा दिवस ही जागा बाद. माझा सीझन संपला."

आवाज चढला नाही हो त्याचा!

मावशीने त्याला सगळं सांगितलं: नवरा, घास, पाणी न पिणं. डेलने पत्रावळीकडे बघितलं. मग म्हणाला, "पक्षीच हवाय ना? या, माझ्या मागे बसा. बोलू नका. वर बघू नका, तुमचे चेहरे चमकतात."

आम्ही तिघं त्याने लपायला लावलेल्या जाळीमागे. तो कुजबुजत सांगत होता: सगळ्या चोची वाऱ्याकडे, कारण कबुतर वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतं. मधली जागा भुलून येणाऱ्या खऱ्या कबुतरांसाठी. पाहुण्याला पाट मोकळा ठेवावा तशी! चार वर्षं पर्यावरण शिकले, पण वाऱ्याचं कोणी सांगितलं नव्हतं.

आणि खरी कबुतरं आली. आधी नुसता आवाज, नवी साडी झटकल्यासारखा. मग झाडांवरून तीस-चाळीस करड्या छाया. एक गिरकी. दुसरी. तिसरी, इतकी खाली की पंखांचा वारा जाळीला लागला. मग सगळ्यांनी एकदम पंख उभे धरले, शेपट्या पसरल्या, आणि त्या मोकळ्या जागेत उतरली. मानेवरच्या चंद्रकोरी उन्हात चमकल्या. मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. एक कबुतर पत्रावळीवर चढलं, मान तिरकी केली आणि भाताचं शीत उचललं.

मावशीने माझा हात घट्ट धरला. डेलने टोपी छातीशी धरली होती.

मग मावशी पाणी प्यायली. डब्यातला वडाही खाल्ला. दोन वडे डेलला दिले. "अरे बाबा, तुझंही पोट रिकामंच असणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेलला फोन केला. ठरवलं होतं: बंदुकीला हात लावायचा नाही, पण ती मांडणी त्याच्याकडून शिकायची, अगदी पहिल्यापासून. दर शनिवारी.

बाबा ड्रिल मशीन पुसत होते. "काय गं, निसर्ग शिकवणार होतीस ना आम्हाला?"

खरी कबुतरंसुद्धा खाली उतरण्याआधी तीन गिरक्या मारून नीट बघून घेतात. मी तर गाडीतून उतरले ती थेट पायाच पडले!