कुणीच सही करेना

"सगळ्या हॉस्पिटलात सही करायला तूच एकटी उरलीस का?" नवऱ्याने पुसलेलं ताट ओट्यावर आपटलं. "उद्या काही झालं तर मान तुझीच धरतील."

"ताटाला पोचा येईल," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या.

थोरली बटाटे सोलत राहिली. घरात ती थोरली सून म्हणून थोरली. वॉर्डात मेडिसिनची डॉक्टर. कागदावर औषधं लिहायची तेव्हा तिचं अक्षर लावताना केमिस्टला घाम फुटायचा. मग कॉम्प्युटर आला. औषध टाइप केलं की पडद्यावर पिवळी चौकट उघडायची: हे त्याच्याबरोबर देऊ नका, किडनी तपासा, वय बघा. सुरुवातीला तिने प्रत्येक चौकट परीक्षेच्या पेपरसारखी वाचली. पण साधं मलम लिहिलं तरी चौकट! हळूहळू बोट आपसूक 'पुढे जा'वर पडायला लागलं. वॉर्डात सगळ्यांचंच तसं.

मंगळवारी त्या बोटाने घात केला. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असलेल्या एका आजोबांना तिने गुडघेदुखीवर जोरदार वेदनाशामक लिहिलं. चौकट आली होती. तिने ती न वाचताच घालवली. दोन्ही एकत्र गेल्या असत्या तर पोटात रक्तस्राव झाला असता. फार्मसीतल्या बाईंनी वेळीच फोन केला, तिने दुसरी गोळी लिहिली, म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी आजोबांनीच हसून विचारलं, "गुडघ्याला नवी गोळी दिलीत का डॉक्टर? बरी आहे हो." त्यांना काहीच माहीत नव्हतं.

बिनकामाच्या चौकटींची यादी कधीचीच तयार होती. त्या बंद करायला एका डॉक्टरची सही हवी होती. चहाच्या वेळी चौकटींना शिव्या घालणारे सगळे, यादी पुढे आली की खिशात पेन शोधायचे आणि ते कुणालाच सापडायचं नाही. शेवटी यादी फिरत फिरत थोरलीच्या टेबलावर आली.

"धोक्याची घंटा कुणी बंद करतं का?" नवरा म्हणाला. तो लिफ्टची दुरुस्ती करायचा. "आमच्याकडे वजन जास्त झालं की घंटा वाजते. शेवटचा माणूस मुकाट बाहेर पडतो. त्या घंटेला मी हात लावला तर नोकरी जाईल."

"आणि ती एकेक माणूस चढताना वाजायला लागली तर?"

"तो बिघाड झाला. मी जाऊन दुरुस्त करीन."

"आणि तू गेलाच नाहीस तर?"

नवऱ्याने दुसरं ताट उचललं. ते कोरडंच होतं, तरी पुसलं. "लोक वाजू देतील," तो म्हणाला. "खचाखच भरून वर जातील."

"कुणी उतरणार नाही?"

"कोण उतरतंय!"

सासूबाई हसल्या. "लहानपणी मी याला दिवसभर 'पडशील, पडशील' म्हणायचे. पडायचा तो पडलाच. कपाळावरची खूण बघ."

"आई, तू कुणाच्या बाजूची?"

"मी बटाट्यांच्या. भूक लागलीय."

नवरा मात्र हसला नाही. "पण चुकून नको ती घंटा बंद झाली तर?"

"तीच भीती मलाही आहे," थोरली म्हणाली. तिने सुरी खाली ठेवली, हात धुतले आणि पुढे सांगितलं:

"उद्या फार्मसीतल्या बाईंबरोबर बसून मी यादी ओळीने वाचणार आहे. आम्हा दोघींना पटतील तेवढ्याच चौकटी बंद होतील. रक्त पातळ करणाऱ्या गोळीची राहणार. खाली सही माझी. यायला उशीर होईल, उद्याचे बटाटे तुम्ही दोघं सोला."