सुगडातला चुना

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी गेली कित्येक वर्षं खापरं कापते. उत्खननात निघालेल्या मडक्याचा तुकडा घ्यायचा, त्याची चकती काढायची, उजेड आरपार जाईल इतकी घासायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. मग त्या मातीत कसले खडे होते, भाजताना आच किती लागली, ती आतपर्यंत पोचली का, हे कळतं. माहेरी मात्र या कामाला कवडीची किंमत नाही. आमचं घर विंझरच्या अलीकडे. वडील कुंभार होते, आता दादा चाक चालवतो. "आमी धड मडकी इकतो तर कुत्रं इचारत न्हाई," तो म्हणतो, "आन् हिला फुटक्या खापराचा पगार."

आमची माती ओढ्याकाठची. ती जागा कुणीतरी फार्महाऊससाठी घेतली आणि तारेचं कुंपण घातलं. संक्रांत तोंडावर आलेली. दादानं शिवऱ्याकडून, हायवेला एका इमारतीचा पाया खणत होते तिथून, टेम्पोभर काळी माती आणली. मी तेव्हा घरीच होते. मूठभर माती हातात घेऊन शहाण्यासारखी म्हणाले, "थोडी नेते तपासायला. कळायला जरा वेळ लागेल."

"मंग संक्रांत पुढं ढकलायला सांग तुज्या सायबाला," दादा म्हणाला. वहिनी हसली, मीही हसले आणि तपासणं राहून गेलं. माती मळायला खरंच सुरेख होती.

आमच्या डोंगराकडचा धो धो पाऊस मातीतला चुना धुऊन नेतो. हायवेच्या बाजूला पाऊस कमी, तिथं चुनखडीचे खडे मातीतच राहतात. दादानं माती चाळली होती, पण चाळण वडिलांची, मुळ्या आणि गोटे अडवणारी. बारीक पांढरे कण तिच्यातून आरामात खाली आले. त्यात यंदा गोवऱ्या कमी पडल्या, म्हणून वरव्याजवळच्या कारखान्यांनी टाकून दिलेल्या फळ्या आणि खोकी मडकी भाजायच्या आव्यात घातली. आवा नेहमीपेक्षा पेटला.

चुनखडीचं असं असतं की आच मंद असली तर ती दगडासारखी गप्प बसते. आच फारच चढली तर मातीत विरघळून जाते. आमचा आवा नेमका मध्ये राहिला. तेवढ्या आचेत खड्याचा कळीचा चुना होतो, आणि तो हवेतली ओल ओढून हळूहळू फुगतो. त्याला दिवस लागतात. त्यामुळे आव्यातून सगळी सुगडं अखंड निघाली. "रंग बघा वन्सं, कसा लालबुंद आलाय," वहिनी म्हणाली. तसा रंग वडिलांच्या वेळीही कधी आला नव्हता.

खालच्या आळीत गावाच्या नात्यानं आमच्या एक मामी राहतात. मामा तेव्हा पुण्यात दवाखान्यात होते, पोटाचं ऑपरेशन झालेलं. मुलाला त्यांच्यापाशी बसवून मामी सणापुरत्या गावी आल्या. सुगडं दादाकडचीच. त्यांनी त्यात बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडकी धुऊन भरली, हळदकुंकू लावून देवापुढं ठेवली. संध्याकाळी बाया वाणाला जमल्या असताना टक् असा आवाज झाला. सुगडाच्या पोटाचा टवका उडाला, चीर खालपर्यंत गेली आणि बोरं घरंगळत उंबऱ्यापाशी आली. सणाला सुगड फुटणं म्हणजे घरधन्यावर संकट, असं आमच्याकडे मानतात; बायांनी वाण आवरतं घेतलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. मामा गेले.

बाकीच्यांचीही सुगडं फुटत होती. काही बायांनी ती आणून आमच्या पायरीवर ठेवली आणि तशाच मागे फिरल्या. मामींनी तर निरोपही धाडला नाही. दादा ताटावर बसायचा आणि घास न घेता उठायचा. वहिनीनं मला फोनवर सांगितलं, "रातभर एकच बोलत्यात, म्या मारलं त्यास्नी."

मी पुण्याहून निघाले ती पुरावा द्यायच्या जिद्दीनं. कच्च्या मातीत चुना असला तर त्यावर आंबट पडताच फेस येतो. प्रयोगशाळेत त्यासाठी आम्ही आम्ल वापरतो, घरी लिंबू चालतं. म्हणून मी एका हातात घरी उरलेल्या काळ्या मातीचा गोळा, दुसऱ्या हातात लिंबू आणि पर्समध्ये सुरी घेऊन सुतकाच्या दारात जाऊन उभी राहिले. ओट्यावरचे म्हातारे उठून उभे राहिले. एक बाई पदर सावरत भिंतीला चिकटली. मी कशासारखी दिसतेय हे मला लिंबू कापून झाल्यावर कळलं. इतकी वर्षं बारीक कण बघितल्यावर समोरची माणसं दिसेनाशी होतात बहुतेक.

पण आता थांबणार कशी? मी लिंबू पिळलं. माती बारीक फसफसली.

"मामी, हा चुना बघा. त्यानं सुगड फुटलं. दुसरं काही नाही."

मामी फेस बसेपर्यंत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाय, ते लिंबू आदी पिशवीत घाल. लोकं बघत्यात."

"सगळ्यांचीच फुटली, मामी."

"व्हय. त्यांचे नवरे हायत."

मी माती पदराखाली घेतली. निघताना त्याच म्हणाल्या, "दादाला म्हणावं, जेवत जा. त्याच्यावर राग न्हाई माजा. मला काय आता पुढच्या साली सुगडं लागायची न्हाईत."

घरी येऊन मी दादाला पहिलं तेवढं सांगितलं. शेवटचं वाक्य गिळलं. मग मी मोबाईलवर एका खापराचा फोटो दाखवला. दोन हजार वर्षांचं मडकं, बाहेरून वाटोळा खळगा आणि खळग्याच्या तळाशी चुन्याचा पांढरा ठिपका. "बघ. त्या कुंभाराचंही असंच झालं होतं. माती अशीच, आच अशीच. तू काही वेगळं केलं नाहीस."

दादानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. तो ठिपका पडदाभर झाला.

"त्येच्या गावात कोन मेलं व्हतं?" त्यानं विचारलं.

आमच्या नोंदीत रंग असतो, जाडी असते, आचेचा अंदाज असतो. मी म्हणाले, "ते नाही कळत."

त्यानं मोबाईल परत दिला आणि कोपऱ्यात उरलेली सुगडं पोत्यात भरायला घेतली. ओढ्यात टाकायची होती. तरी एकेक अलगद ठेवत होता, मध्ये गवत घालून, बाजाराला न्यायची असल्यासारखी.