एकटीचा कंस

आज ऑफिसात कुटुंबांची माहिती एक्सएमएल या जुन्या साच्यातून जेसन या नव्या साच्यात नेत होते. घरात चार माणसं असली की चौकोनी कंसात त्यांची नीट यादी होते. माणूस एकच असलं की हे रूपांतर करणारा आमचा कन्व्हर्टर कंसच काढून टाकतो आणि यादीच हवी असलेला पुढचा प्रोग्रॅम अडतो. शेजारी बसणारी माधवी म्हणाली, “अगं, एकट्यालाही कंस ठेवायचा. उद्या घरात कुणी आलं तर?”

संध्याकाळी समोरच्या काकू नातवाच्या मुंजीची पत्रिका घेऊन आल्या. आई गेल्यापासून या घरात मी एकटीच, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी पत्रिकेवर माझ्या नावापुढे त्यांनी आपल्या हाताने लिहिलं होतं, ‘सहकुटुंब’. हातावर अक्षता ठेवत म्हणाल्या, “सगळ्यांनी यायचं हं.”

माझा कंस त्यांनी काढून टाकला नव्हता. मी म्हणाले, “येतो काकू, सगळे येतो.”