मटिल्डाचा चंडोल

चन्नप्पा गेल्याचं सांगायला त्याच्या दुकानातले मुनीम दवाखान्यात आले, तेव्हा मी एका गिरणी कामगाराच्या हाताला पट्टी बांधत होतो. मुनीम दारातच थांबले, उपरण्यानं तोंड पुसलं, आणि मग त्यांना काही बोलावं लागलं नाही. मी डॉक्टर, भर उन्हाळ्यापासून रोज त्या घरी जात होतो आणि रोज रिकाम्या हातानं परत येत होतो... त्यामुळे बातमीनं धक्का बसला असं म्हणता येणार नाही. पण त्या पट्टीची गाठ काही केल्या मला नीट मारता येईना. शेवटी त्या कामगारानंच दुसऱ्या हातानं टोक धरून मला मदत केली.

सोलापूरच्या चाटी गल्लीत कापड घ्यायला जाणाऱ्या पुष्कळांनी चन्नप्पाला पाहिलं असेल. कपाळावर विभूतीचे पट्टे, डोक्याला रुमाल, अंगानं आडवा, बोलायला संथ. आम्ही एका शाळेत शिकलो, पुढे पुण्याला एका खोलीत राहिलो. संस्कृत घेऊन तो बी. ए. होणार होता, पण वडील अचानक वारले आणि शिक्षण अर्धवट टाकून त्याला गादीवर येऊन बसावं लागलं. त्याबद्दल तो कधी कुरकुरला नाही. फक्त मुंबईहून पक्ष्यांवरची जाडजूड इंग्रजी पुस्तकं मागवली आणि इरकली लुगड्यांच्या घड्यांशेजारी मांडून ठेवली. रविवारी सकाळी आम्ही टांगा करून वळसंगच्या वाटेवरच्या माळावर जायचो. तो दुर्बीण लावून बसायचा, मी बाभळीखाली वर्तमानपत्र वाचायचो.

पक्ष्यांपेक्षाही त्यांच्या नावांनी त्याला पछाडलं होतं. शास्त्रज्ञ पक्ष्याला दोन पदांचं लॅटिन नाव देतात आणि पुष्कळदा त्यातलं दुसरं पद एखाद्या माणसाचं असतं. ती आपल्यासारखीच षष्ठी विभक्ती आहे, असं त्यानं एकदा मला समजावलं होतं; पुरुषाच्या नावाला एक प्रत्यय, बाईच्या नावाला दुसरा. ही माणसं कोण, हे तो धुंडाळत राहिला. कुणी पलटणीतला वैद्य निघे, कुणी निळीचा व्यापारी, कुणी कलेक्टर. त्यांच्या हकिगती तो अशा सांगे, की ती त्याच्या पेढीची जुनी गिऱ्हाइकंच वाटावीत.

आमच्या त्या माळावर मातकट रंगाचा, चंडोलाच्या जातीचा एक लहानसा पक्षी असतो. ढेकळात बसला तर दिसत नाही, उडाला तरच कळतो. पुस्तकात असं होतं की पन्नासेक वर्षांपूर्वी सोलापूरच्या छावणीतल्या एका कप्तानानं त्याचा पहिला नमुना इथेच मिळवला आणि त्याला मटिल्डा या नावावरून नाव दिलं. कप्तानाचं नाव मी इथे लिहीत नाही; का, ते पुढे कळेलच. ही मटिल्डा कोण, याबद्दल पुस्तकात एक अक्षर नव्हतं.

चन्नप्पाच्या मनानं मात्र घेतलं होतं की ती कप्तानाची लहान मुलगी असणार आणि ती इथेच, सोलापुरात गेली असणार. त्याची स्वतःची थोरली मुलगी सहाव्या वर्षी तापानं गेली होती. औषध माझंच होतं. त्या दोन गोष्टींचा संबंध त्यानं कधी बोलून दाखवला नाही आणि मीही विचारलं नाही... छावणीतल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत आम्ही कितीतरी सकाळी घालवल्या. तो तांब्यातलं पाणी दगडांवर ओतायचा, म्हणजे झिजलेली अक्षरं थोडी उठून दिसायची. तिथे लहान मुलांची थडगी पुष्कळ होती. मटिल्डा नव्हती.

मग मिशनच्या शाळेतल्या बाईंच्या ओळखीनं त्यानं लंडनच्या एका संग्रहालयाला लिहिलं. तिकडून कळलं की कप्तान केव्हाच वारला, पण त्याची बायको हयात आहे. सोबत तिचा पत्ता होता. त्या दिवशी चन्नप्पा भर दुपारी दुकान मुनिमांवर टाकून माझ्याकडे आला. आम्ही दोघांनी बसून मसुदा केला. तुमच्या यजमानांनी नाव दिलेला पक्षी आमच्या माळावर अजून गातो, असं त्यात आवर्जून लिहिलं, आणि शेवटी नम्रपणे विचारलं, की मटिल्डा ही आपली मुलगी होती का?

उत्तर यायला फार दिवस लागले. थरथरत्या अक्षरात चारच ओळी होत्या. आपल्याला मूलबाळ झालं नाही. आपल्या किंवा यजमानांच्या घराण्यात या नावाचं कुणी नव्हतं. यजमानांच्या तोंडून हे नाव आपण कधी ऐकलेलं नाही. पक्ष्याविषयी कळवल्याबद्दल आभार.

मी त्या दिवशी चन्नप्पाकडेच जेवायला होतो. त्याला उत्साह आवरत नव्हता. मग कोण असेल, कुणा अधिकाऱ्याची बहीण, की बोटीवर भेटलेली कुणी, असे आमचे तर्क चालले होते. त्याची बायको, नीलम्मा वहिनी, भाकरी वाढत होत्या. पत्रात काय आहे म्हणून त्यांनी विचारलं. चन्नप्पानं कानडीत सगळं सांगितलं. वहिनी हातातली भाकरी तशीच धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळून, मलाही समजावं म्हणून मराठीत म्हणाल्या, “म्हंजे त्या म्हातारीला हे नाव तुमीच कळवलं की.”

चन्नप्पानं ताटावरचा हात काढून घेतला.

त्यानंतर तो मला कधी पहिल्यासारखा दिसला नाही. मी परोपरीनं सांगितलं, की नाव छापील पुस्तकात होतं, तिला ते कधीही कळलं असतं. तो म्हणायचा, “इतकी वर्षं कळलं नव्हतं ना?” त्यानं दुसरं पत्र पाठवलं. पुस्तकात चूक असेल, तिकडे कुणा राणीचं किंवा साध्वीचं नाव ठेवायची रीत असेल, असं सुचेल ते त्यात लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो नावाचा खोटा अर्थ लावत होता. ते पाकीट न उघडता परत आलं. बाई घर सोडून गेल्या, की वारल्या, की त्यांनीच ते घ्यायला नकार दिला, पाकिटावरच्या शिक्क्यांवरून काही समजेना. संग्रहालयाला विचारावं असं मी सुचवलं. तो म्हणाला, “आता कुणाला काही विचारायचं नाही.”

माळावर आम्ही जातच राहिलो. तो लहानसा पक्षी ढेकळातून उठे, गात गात वर चढे आणि एकदम खाली येई. चन्नप्पा दुर्बिणीतून बघे, पण त्याचं नाव घेत नसे. मला बोटानं दाखवे, एवढंच.

गेल्या चैत्रात दुकानात गजानं कापड मोजता मोजता तो एका अंगावर कोसळला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. या दुखण्यावर माझ्या कपाटात काही नाही, मुंबईच्या डॉक्टरांच्या कपाटातही नाही, हे मला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. तरी नाडी बघायला रोज जायचो. महिन्याभरानं त्याला एक आवाज काढता येऊ लागला. “म...” एवढाच. आमच्याकडे बघून, जीव तोडून तो तेच म्हणायचा. धाकटी मुलगी महादेवी, तिचं नाव घेत असेल असं वाटून तिला सासरहून बोलावून घेतलं. तिला बघून त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण नंतरही “म...” चालूच राहिलं. माळ म्हणतोस का, म्हणून विचारलं. मुनीम हवेत का, म्हणून विचारलं. एकदा वहिनी आत गेल्यावर मी हळूच म्हटलं, “मटिल्डा?” त्यानं डोळे मिटले. हो म्हणून मिटले की थकून मिटले, मला कळलं नाही. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. श्रावणात दुसरा झटका आला, तो आवाजही थांबला, आणि थोड्याच दिवसांत मुनीम दवाखान्याच्या दारात येऊन उभे राहिले.

आता त्याला महिना उलटून गेला. वहिनींनी त्याच्या खाटेशेजारची खुर्ची हलवलेली नाही. समाचाराला गेलो की त्या मला तिथेच बसवतात आणि भिंतीला टेकून खाली बसतात. दुःखाबद्दल बोलत नाहीत. मध्येच वर बघून एखादा शब्द विचारतात. “मीठ म्हनत असतील का हो, भावजी? पथ्याचं अळणी हुतं सगळं.” कधी “मगळु”, म्हणजे कानडीत लेक, गेलेली थोरली आठवली असेल का? कधी “मळवाट”, म्हणजे माळाकडची पायाखालची वाट... मी दर वेळी असेल म्हणतो.

परवा संध्याकाळी मी चाटी गल्लीतून जात असताना त्यांनी मला घराच्या दारातूनच हाक मारली. हातात पिशवी होती, नुकत्याच बाजारातून आल्या होत्या.

“भावजी, मोसंबी असंल का? तवा कुटंच मिळत न्हवती. आता लई आलीत.”

मी म्हटलं, “असेल, वहिनी.”

त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटल्याचं दिसलं नाही.